लांब पल्ल्यावरच्या हरणासाठी काडतूस: .३३८ सारखं मीडियम बोअर, की त्याहून लहान?

कोपरीकर (धागाकर्ता)
भाचा क्राइस्टचर्चला असतो. तिथला बंदूक परवाना हातात आलाय, आता रायफल घ्यायची आहे. न्यूझीलंडमध्ये हरणं बाहेरून आणलेली. जंगलाची नासाडी करतात म्हणून तिथे शिकार कायदेशीर आहे. सार्वजनिक वनजमिनीवर जायला संवर्धन खात्याची परवानगी लागते, ती ऑनलाइन फुकट मिळते. तेव्हा "शिकार बरी की वाईट" यासाठी कृपया वेगळा धागा काढा.

जनावर रेड डिअर. जागा साउथ आयलंडचे उघडे डोंगरउतार, अंतर २०० ते ४०० मीटर. ओळखीतल्या एकाकडे .३३८ विंचेस्टर मॅग्नमची वापरलेली रायफल स्वस्तात मिळतेय आणि सल्ला असा की "मीडियम बोअर घे, पुढे काहीही पडेल". दुसरे पर्याय .३०८ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर आणि ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम. मुलाने आजवर .२२ सोडून काही चालवलेलं नाही. आकड्यांसकट मतं द्या.

ऐरोली_बॅलिस्टिक्स
आधी शब्द नीट लावू. बोअर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास. मीडियम बोअर म्हणजे ढोबळमानाने .३३ ते .३७५ इंच व्यासाच्या गोळ्या: .३३८ विंचेस्टर मॅग्नम (१९५८), .३५ व्हेलन, जर्मन ९.३×६२ (१९०५), आणि वरच्या टोकाला .३७५ हॉलंड अँड हॉलंड (१९१२). .३०८ आणि ६.५ या वर्गात बसतच नाहीत. ही मधली बोअरं निघाली ती मूस, एल्क, अस्वल, आफ्रिकेतले मोठे काळवीट अशा जड जनावरांसाठी, बहुतेक वेळा झाडीत आणि जवळून. जाड हाड फोडून गोळी आत खोल जावी हा हेतू. उघड्या उतारावर ३५० मीटरवर उभं असलेलं हरीण हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच.

आता व्यास. .३३८ आणि ६.५ मिमी (.२६४ इंच) यांत फरक .०७४ इंचाचा, म्हणजे १.९ मिलिमीटर. गोळी फुलल्यावर दोन्ही आपापल्या मूळ व्यासाच्या साधारण दुप्पट रुंद होतात. दोन मिलिमीटरसाठी खांद्याला किती मोजायचं, हा खरा हिशेब.

२०० मीटरला झीरो धरून, म्हणजे तिथे गोळी नेमक्या नेमावर बसते असं धरून, पुढे ती किती खाली येते ते सांगतो. स्कोप नळीच्या वर दीड इंच, समुद्रसपाटीची हवा, कारखान्याचे वेग. ६.५ क्रीडमूर, १४३ ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), सेकंदाला २७०० फूट: ३०० मीटरला साधारण २५ सें.मी., ४०० ला ७३. .३०८, १७८ ग्रेन, २६०० फूट: ३० आणि ८७. ७ मिमी मॅग्नम, १६२ ग्रेन, २९४० फूट: २१ आणि ६१. .३३८ मॅग्नम, २३० ग्रेन, २८१० फूट: २३ आणि ६७. म्हणजे एवढा जाडजूड .३३८ क्रीडमूरपेक्षा ४०० मीटरला फक्त सहा सें.मी. वर राहतो.

घोडबंदरकाका
पोरांनो, गणित बरोबर असेल, पण मोठ्या गोळीचा मार मोठा हे कोणी नाकारू नये. ४०० मीटरला .३३८ कडे जवळपास २४५० फूट-पाउंड ऊर्जा उरते. तुमच्या क्रीडमूरकडे किती?

ऐरोली_बॅलिस्टिक्स
काका, साधारण १४००. आणि .३०८ कडे १४५० ते १५००, म्हणजे क्रीडमूरच्या बरोबरीलाच. हरणासाठी १००० फूट-पाउंड हा जुना ठोकताळा आहे आणि तो दोघंही पार करतात. पण ठोकताळा तो ठोकताळाच, जनावर ऊर्जेने पडत नाही. दोन्ही फुप्फुसांतून किंवा हृदयातून आरपार रुंद वाट झाली की रक्तदाब कोसळतो आणि ते पडतं. पोटात बसलेली २४५० वाली गोळी जनावराला कित्येक तास हाल करून मारते.

नेरूळची_निशाणी
खाली येण्याच्या आकड्यांवर सगळे भांडतात, पण तो प्रश्न रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) आणि स्कोपच्या टरेटने (नेम वर-खाली करायच्या चकतीने) सुटलेला आहे. अंतर कळलं की क्लिक फिरवा. न सुटलेला प्रश्न वाऱ्याचा. ताशी १६ किमीचा आडवा वारा ४०० मीटरला गोळी किती ढकलतो ते बघा: ७ मिमी मॅग्नम २६ सें.मी., क्रीडमूर २९, .३०८ सुमारे ३६. आणि .३५ व्हेलनची २०० ग्रेनची हलकी गोळी? ती २९१० फुटांनी निघूनही ६५ सें.मी.च्या आसपास जाते. निघताना क्रीडमूरपेक्षा वेगवान, तरी वाऱ्यात दुपटीहून जास्त वाहवत गेलेली.

कारण गोळीचा आकार. व्यासाच्या मानाने गोळी लांब आणि वजनदार असेल तर ती हवा कापत जाते आणि वेग टिकवते. हे मोजायचा आकडा म्हणजे बॅलिस्टिक कोइफिशंट. ६.५ च्या १४३ ग्रेनचा .६२५, व्हेलनच्या २०० ग्रेनचा .२८२. .३३८ लाही चांगला आकडा मिळतो, पण त्यासाठी २३० ग्रेनच्या आसपासची लांब गोळी घ्यावी लागते, आणि ती घेतली की धक्का वाढतो. लहान बोअरमध्ये तोच आकडा १४० ग्रेनमध्ये मिळतो.

वारा वाचताना नवशिका चुकतो ती जागा म्हणजे स्वतःच्या गालावरचा वारा. पाम बीच रोडला खाडीच्या बाजूला उभं राहा आणि मग रस्ता ओलांडून इमारतींच्या आडोशाला जा, दोन वेगळे वारे भेटतील. डोंगरात तर दऱ्या असतात. दिवसा ऊन चढलं की वारा उताराने वर चढतो, संध्याकाळी गार हवा खाली घसरते. मधल्या दरीवरून गोळी जाते तिथला वारा आपल्या गवतावर दिसत नाही. कँटरबरीचा वायव्येचा वारा जोरात असेल त्या दिवशी २०० मीटरच्या पुढे बंदूक उचलू नये, काडतूस कुठलंही असो.

खारेगाव_खाडी
+१. आणि ४०० मीटर हा शब्द लोक फार सहज वापरतात. बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब असते. ठाण्याच्या फलाटावर मोटरमनच्या टोकाला उभं राहून शेवटच्या डब्याजवळच्या माणसाच्या हातातली पिशवी बघा, मग त्याच्यापुढे अजून दीडशे मीटर जोडा. तिथे २० सें.मी.ची ताटली, हरणाचं मर्म तेवढंच धरायचं.

घोडबंदरकाका
वाऱ्याचं पटलं. पण खांद्याचं काय एवढं? सवयीने होतं.

ऐरोली_बॅलिस्टिक्स
८ पाउंडांच्या रायफलीला धक्क्याची ऊर्जा ढोबळमानाने अशी येते: क्रीडमूर १२ फूट-पाउंड, .३०८ ला १६, ७ मिमी मॅग्नम २१, .३०० विंचेस्टर मॅग्नम २९, .३३८ मॅग्नम ३४. .२२ वरून थेट ३४ म्हणजे ऐरोली-मुलुंड पुलावर सायकल शिकलेल्याला रेसिंग बाईक देणं. सवय होते खरी, पण आधी सवय लागते ती डोळे मिटायची आणि चाप झटक्यात ओढायची. बाराव्या-पंधराव्या फैरीनंतर सरावच नकोसा होतो, आणि सराव नसलेल्या माणसाने ४०० मीटरचं नाव काढू नये.

दचकणं ओळखायची रीत सोपी. दुसऱ्या माणसाने मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एक-दोन डमी मिसळायची, क्रम नेमबाजाला कळू द्यायचा नाही. डमीवर चाप ओढताना नळीचं टोक खाली गेलं की समजा. मग पुन्हा .२२ आणि कोरा सराव (रिकाम्या बंदुकीचा चाप ओढणं), आठवडाभर.

.३३८ चा अजून एक धोका: डोळा आणि स्कोप यांतलं अंतर ९ सें.मी.पेक्षा कमी ठेवलं आणि चढावर झोपून मारलं तर स्कोपची कडा भुवई फोडते. नव्या माणसाच्या कपाळावरची अर्धचंद्राची खूण तिथूनच येते. मझल ब्रेक (नळीच्या तोंडाशी बसवायचं, वायू बाजूला सोडणारं टोपण) लावून धक्का कमी होतो, पण आवाज शेजाऱ्याचे कान फाडतो. न्यूझीलंडमध्ये सायलेन्सर कायदेशीर आणि सर्रास वापरतात. तो लावावा, कानही वाचतात आणि धक्काही उतरतो.

बेलापूर_बी
सायलेन्सरचा विषय निघाला म्हणून एक व्यावहारिक अडचण. तो लावला की रायफल लांब होते, म्हणून तिकडे १८-२० इंचांच्या आखूड नळ्या विकतात. डब्यावरचा वेग बहुधा २४ इंचांच्या नळीचा असतो. प्रत्येक इंचामागे २० ते ३० फूट वेग कमी धरा. २० इंचांच्या क्रीडमूरमधून २७०० नाही, २६०० च्या आसपास मिळतील. अ‍ॅपमध्ये (गोळी किती खाली येईल ते काढून देणाऱ्या) डब्यावरचा आकडा भरला की ४०० मीटरला गोळ्या खाली बसतात आणि माणूस स्कोपला शिव्या घालतो. क्रोनोग्राफवर आपल्या नळीचा वेग मोजून तोच भरावा. मॅग्नम काडतुसात दारू जास्त, ती जळायला लांब नळी हवी. आखूड नळीची ७ मिमी मॅग्नम म्हणजे नुसता भडका आणि आवाज.

नेरूळची_निशाणी
काडतुसापेक्षा गोळीची बांधणी जास्त महत्त्वाची, यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

गोळी ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच नीट फुलते. पातळ तांब्याचं आवरण आणि आत शिसं अशी साधी गोळी ७ मिमी मॅग्नममधून ४० मीटरवर खांद्याच्या हाडाला बसली तर वरच्यावर फुटून विखुरते. जखम मोठी दिसते, आत काही पोचत नाही आणि मांसात शिशाचे कण. उलट पूर्ण तांब्याची घट्ट गोळी जवळून उत्तम, पण तिला फुलायला साधारण १८०० ते २००० फूट वेग लागतो. .३०८ मधून १६८ ग्रेनची तांब्याची गोळी २६८० ला सोडली तर ४०० मीटरला १९०० च्या आसपास येते, अगदी काठावर. त्याखाली ती पेन्सिलीसारखं बारीक भोक पाडून निघून जाते, जनावर काही झालंच नाही असं चालत राहतं. म्हणून डब्यावरची जाहिरात न वाचता कंपनीच्या पत्रकातला किमान वेग बघायचा, आपल्या नळीचा मोजलेला वेग घेऊन गोळी त्या किमानाखाली कुठल्या अंतरावर जाते ते काढायचं. तीच त्या गोळीची हद्द.

आपल्याकडे "मोठी गोळी" म्हटलं की ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल आठवते. जुन्या ८×५० मॅनलिकरवर बेतलेलं काडतूस, २४४ ग्रेनची बोथट नाकाची, संथ गोळी. जवळून भारी, पण लांबवर तिच्याइतकं वाईट उदाहरण शोधून सापडणार नाही.

येऊर_सकाळ
मधेच विचारतो. .२७० आणि ३०-०६ कुठे गेले? दोन्ही शंभर वर्षांची काडतुसं, लाखो हरणं पडली असतील.

ऐरोली_बॅलिस्टिक्स
कुठे जात नाहीत. ३०-०६ (१९०६) .३०८ पेक्षा साधारण दीडशे फूट वेगवान, धक्का २० च्या आसपास. .२७० (१९२५) ची गोळी खूप सपाट जाते. त्याची अडचण एकच, जुन्या रायफलींच्या नळीत आट्यांचा पीळ दहा इंचांत एक फेरा. एवढ्या पिळावर १५० ग्रेनच्या पुढच्या लांब टोकदार गोळ्या नीट स्थिरावत नाहीत, डुलत जातात आणि कागदावर आडवं भोक पाडतात. क्रीडमूरची नळी पहिल्यापासून आठ इंचांत एक फेरा अशीच येते. वापरलेली रायफल घेताना नळीवरचा पीळ वाचायचा, छापलेला नसेल तर घट्ट चिंधी लावलेला क्लीनिंग रॉड आत सारून एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो ते मोजायचं. रॉडची मूठ मोकळी फिरणारी हवी, नाहीतर मोजमाप खोटं येतं.

मधला मार्ग हवा असेल तर ७ मिमी-०८ (१९८०). .३०८ च्याच केसची (काडतुसाच्या पितळी कवचाची) मान बारीक केलेली, १४० ते १५० ग्रेन गोळी, धक्का क्रीडमूरच्या किंचित वर.

मुंब्रा_बायपास
भाचा परत आला तर ही रायफल इकडे आणू शकेल का? आणि .३०८ घेतली तर?

धागा-व्यवस्थापन
थोडं विषयांतर चालेल, वाद नको.

बेलापूर_बी
.३०८ म्हणजे लष्करी ७.६२×५१ चं जुळं, आपल्याकडे ते प्रतिबंधित बोअरात (साध्या परवान्यावर न मिळणाऱ्या) धरतात. ३०-०६, .३१५ हे अप्रतिबंधित. पण मुळात हत्यार परवाना इथला वेगळा लागतो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. रायफल तिकडेच विकून यावी हे बरं. येऊरचं चितळ फक्त कॅमेऱ्यातून.

त्याहून महत्त्वाचं: येताना बॅग उलटी करून झटकावी. शिकारीच्या जॅकेटच्या खिशात राहिलेलं एक काडतूस विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात. कोर्टात "जाणीवपूर्वक बाळगलं नव्हतं" हे सिद्ध करून सुटतात लोक, पण वर्ष जातं. आठवण म्हणून रिकामी केससुद्धा आणू नये. शिंगं तर अजिबात नाहीत.

अवांतर: तिकडच्या डोंगरांत जे ताहर (रानबकऱ्या) दिसतात ते आपल्या हिमालयातले, १९०४ साली नेऊन सोडलेले. सांबरही आहे तिकडे.

कोपरीकर
.३३८ मनातून गेली. क्रीडमूर धरून पुढचं सांगा. झीरो करणं, स्कोप वगैरे क्रमाने.

ऐरोली_बॅलिस्टिक्स
स्कोप बसवण्यापासून सुरू. रिंगचे स्क्रू टॉर्क-ड्रायव्हरने, बहुतेक रिंगना १५ ते १८ इंच-पाउंड, एकाआड एक समोरासमोरचे थोडे थोडे आवळत. अंदाजाने पिळले तर स्कोपची नळी दबते आणि क्लिक खोटं बोलू लागतात. सैल राहिले तर विसाव्या फैरीला झीरो सरकतं आणि माणूस गोळीला दोष देतो.

मग बोल्ट (नळीमागचा सरकता दांडा) काढून नळीतून २५ मीटरवरचा ठिपका बघायचा आणि स्कोपची फुली त्याच्यावर आणायची. २५ ला दोन फैरी, सुधारणा, मग १०० मीटर. तिथे तीन-तीन फैरींचे तीन गट (कागदावर जवळजवळ पडलेली भोकं), मध्ये नळी हाताला सोसेल इतकी गार होऊ द्यायची. पातळ नळी तापली की गट वर चढत जातो. एका फैरीवर क्लिक फिरवायचे नाहीत, गटाचा मध्य बघायचा. मिलिरेडियन स्कोपचा एक क्लिक १०० मीटरला एक सें.मी. क्रीडमूरला १०० मीटरवर गट साधारण सहा सें.मी. वर बसवला की झीरो २०० च्या जवळ येतं, मग प्रत्यक्ष २०० वर जाऊन पक्कं करायचं. असं झीरो असलं की २५० मीटरपर्यंत गोळी नजरेच्या रेषेपासून १० सें.मी.च्या आतच राहते, तिथवर थेट मध्यावर धरून मारायचं, क्लिकच्या भानगडीत पडायचं नाही.

त्यापुढे अ‍ॅपचा आकडा हा फक्त अंदाज. ३०० आणि ४०० वर खरोखर मारून बघायचं, जे आलं ते दस्त्याला चिकटवलेल्या कागदावर लिहायचं. ४०० मीटरला अंतर २५ मीटरने चुकलं तर गोळी १५-१६ सें.मी. वर-खाली जाते, म्हणजे ताटलीच्या बाहेर. रेंजफाइंडरने दोनदा मोजा. दाट गवतात तो पुढच्या झुडपाचं अंतर देतो.

खारेगाव_खाडी
दोन गोष्टी जोडतो. स्कोपच्या आतल्या खुणांवर धरून मारणार असाल तर स्कोप पहिल्या फोकल प्लेनचा की दुसऱ्या (पहिल्यात झूमबरोबर खुणाही लहान-मोठ्या होतात, दुसऱ्यात होत नाहीत), हे आधी विचारा. दुसऱ्या प्लेनच्या स्कोपमध्ये खुणा एकाच झूमवर, बहुधा सर्वांत जास्त झूमवर, खऱ्या असतात. १६ ऐवजी ८ वर ठेवून तीच खूण धरली तर ती दुप्पट सुधारणा देते.

दुसरं, उतार. तीस अंशांच्या चढावर किंवा उतारावर ४०० मीटर मोजलं तर गोळीसाठी ते सुमारे ३४६ मीटर. चढ असो की उतार, दोन्हीकडे गोळी वरच बसते. कोन धरणारा रेंजफाइंडर असेल तर तो हे स्वतः करतो, मग हाताने पुन्हा वजा करू नये.

घोडबंदरकाका
मी हरलो असं समजू नका, पण आकडे छान दिलेत. एक विचारतो, पोराने किती अंतरावर थांबायचं?

नेरूळची_निशाणी
काका, ते अंतर काडतूस ठरवत नाही. २० सें.मी.ची ताटली, बेंच नाही, पाठीवरची सॅक पुढे टाकून झोपून. नळी गार, दिवसाला एकच पहिली फैरी. पाच वेगवेगळ्या दिवशी, पाचही ताटलीत. २०० ला जमलं की २५०, मग ३००. ज्या अंतरावर एक चुकली त्याच्या आधीचं अंतर ही त्याची हद्द. बहुतेकांची २५० ते ३०० च्या मध्ये येते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. हरणाला शंभर मीटर जवळ जाणं हे कुठल्याही मॅग्नमपेक्षा स्वस्त.

फैर झाडल्यावर बोल्ट लगेच चालवून पुन्हा नेम धरायचा. जनावर पळालं तर ते उभं होतं तिथला दगड किंवा झुडूप आणि ते शेवटचं दिसलं ती जागा, दोन्ही फोनमध्ये टिपून किमान वीस मिनिटं थांबायचं. दरीपलीकडे गेल्यावर सगळे उतार सारखेच दिसतात. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, जवळच असेल. हिरवट, वासाचं असेल तर पोट, मग काही तास थांबून माग काढायचा.

कोपरीकर
धन्यवाद मंडळी, वाचनखूण साठवली. काडतुसं एकदम किती घ्यावीत?

बेलापूर_बी
दोनशे, एकाच लॉट नंबरची, डब्याच्या झाकणावर छापलेला असतो. साठेक झीरो आणि लांबच्या पडताळणीत जातील, शंभर सरावात, चाळीस मोसमासाठी बाजूला. लॉट बदलला की १०० मीटरला पुन्हा तीन फैरी, कधी कधी गट तीन सें.मी. सरकतो. आणि त्याच्या मित्राकडे .३०८ असेल तर दोघांची काडतुसं एका टेबलावर ठेवू नयेत. क्रीडमूरचं काडतूस .३०८ च्या चेंबरमध्ये शिरतं आणि उडतंही.

कोपरीकर
हे माहीत नव्हतं. आजच कळवतो.